गादीवाल्याच्या काचेतला लाल टोपीवाला

“वाढली! आज तर पार गळ्यापर्यंत आली!” भोंगा एवढ्या जोरात ओरडला, की रस्त्यापलीकडे झोपलेल्या कुत्र्याने मान वर करून पाहिलं.

“हळू! सगळ्या गावाला कळवायचंय का?” शंकोबाने त्याच्या तोंडावर हात दाबला. “आधी मला खात्री करू दे.”

गादीच्या दुकानाच्या काचेला नाक लावून तिघं उभी होती. काचेच्या आत भलामोठा टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला होता. त्याला आवाज नव्हता. टीव्हीत एक माणूस होता. डोक्यात लाल लोकरीची टोपी, मागे लोखंडी कठडा आणि कठड्यामागे राखाडी आभाळ. तो डोक्यावर हात ठेवायचा, मग स्वतःकडे बोट दाखवायचा, मग दोन्ही हातांची डोक्यावर फुली करायचा आणि शेवटी दोन्ही हातांची बोटं खाली रोखायचा. मग हसायचा. मग पुन्हा पहिल्यापासून तेच!

“वाढलीय खरी,” शंकोबा शेवटी म्हणाला. “पहिल्यांदा बघितली तेव्हा नुसती खुरटी होती. पण मला सांगा, जाहिरातीतल्या माणसाची दाढी कधी वाढते का?”

“आणि गादीच्या जाहिरातीत गादी कुठाय?” तिसरी म्हणाली.

ही तिसरी म्हणजे पाहुणी. सुट्टीपुरती मामाकडे आली होती म्हणून सगळी बिल्डिंग तिला याच नावाने हाक मारायची. भोंगा तळमजल्यावरचा. त्याच्या घशाला आवाज कमी करायचं बटण बसवायचं राहून गेलं होतं. शंकोबा त्याचा चुलतभाऊ. आज रविवार आहे असं कुणी म्हटलं तरी हा भिंतीवरचं कॅलेंडर बघून यायचा.

पाहुणीच्या घरी ती आणि आई, दोघीच. आईला नवी नोकरी लागली आणि प्रशिक्षणासाठी ती लांबच्या गावी वसतिगृहात गेली. मामा-मामी जीव लावायचे, नाही असं नाही, पण सकाळी दोघंही डबे घेऊन बाहेर पडायचे ते दिवे लागल्यावर परत! घरात उरायची पाहुणी, गळ्यात दोरीला बांधलेली किल्ली आणि फ्रिजची घरघर. आईचा रोज फोन यायचा. “मजेत ना गं?” “मजेत!” आणि फोन ठेवला, की पाहुणी बराच वेळ खिडकीत बसून राहायची. पहिला आठवडा तर तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. तेव्हा ती इथे, या काचेसमोर येऊन उभी राहायची. निदान हा लाल टोपीवाला तरी तिच्याकडे बघून हसायचा! एकदा ती त्याची नक्कल करत असताना भोंग्याने तिला पकडलं, पोट धरून हसला आणि मग स्वतःच शेजारी उभा राहून हातवारे करू लागला. अशी ही टोळी जमली.

“आत जाऊन विचारू या का?” पाहुणी म्हणाली.

“गादीवाल्या काकांना? परवा मी गादीला नुसतं बोट लावलं तर केवढे खेकसले!” भोंगा म्हणाला. “त्यापेक्षा चला अंगणात. आज नवीन व्यायाम आलाय!”

बिल्डिंगच्या मागच्या अंगणात तिघं ओळीने उभी राहिली. भोंग्याने घसा साफ केला. त्याला ते करायची काहीच गरज नव्हती.

“गादी व्यायाम मंडळ सादर करीत आहे! डोक्यावर हात! डोकं दुखतंय? उशी बदला! स्वतःकडे बोट! तुम्ही? हो हो, तुम्हीच! हातांची फुली! जुनी गादी? फेकून द्या! बोटं खाली! जमिनीवर झोपता? शी शी शी!”

फुर्रर्रर्र!

दुसऱ्या मजल्यावरून शिट्टी वाजली आणि तिघं जागच्या जागी थिजली. शिट्टीबाई! जन्मभर पोरांना पोहायला शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, ताठ बाई. बिल्डिंगमध्ये राहायला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. खाली दंगा झाला की खिडकीतून शिट्टी वाजायची आणि खिडकी बंद व्हायची. तेवढाच काय तो बाईंचा आणि बिल्डिंगचा संबंध.

पण आज खिडकी बंद झाली नाही. जिन्यात भराभर पावलं वाजली आणि बाई स्वतः खाली आल्या. एका पायात निळी चप्पल, दुसऱ्या पायात तपकिरी!

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“आम्ही दंगा नव्हतो करत, बाई,” भोंगा एकदम मांजर झाला.

“माझ्याकडे बघून बोल. मला ऐकू कमी येतं. या खुणा कुणी शिकवल्या?”

“कुणी नाही. ती जाहिरात आहे. गादीच्या दुकानातली,” शंकोबा म्हणाला.

“कसली?”

“गा-दी-ची!” तिघं एका सुरात ओरडली.

बाईंचा चेहरा उतरला. डोळ्यांत जे काही चमकलं होतं ते गेलं. “गाद्या!” त्या म्हणाल्या. “इथेही गाद्याच! आता माझ्यासमोर गादीचं नाव काढू नका.” आणि त्या वळून जिना चढू लागल्या. जिन्याच्या वळणावर त्यांनी मनगटाने डोळे पुसले. ते फक्त पाहुणीने पाहिलं.

“गादीने काय घोडं मारलंय यांचं?” भोंगा कुजबुजला, म्हणजे शेजारच्या बिल्डिंगला ऐकू गेलं.

“जाऊ दे. उद्या सकाळी त्या चालल्यात,” शंकोबा म्हणाला. “सामानाची गाडी येणारे. म्हाताऱ्या माणसांचं ते राहायचं ठिकाण असतं ना, तिकडे. आई सांगत होती.”

“एकट्याच?”

“मग? त्यांचं आहे कोण?”

पाहुणीला काय वाटलं कोण जाणे, ती एकदम म्हणाली, “मी आलेच,” आणि जिना चढून वर गेली.

दार उघडंच होतं. आत खोक्यांवर खोकी रचलेली. भिंतींवर काढलेल्या तसबिरींचे चौकोन. टीव्ही तेवढा जागेवर होता, पण त्याच्यावर एक मोठा टॉवेल टाकलेला. बाई टीव्हीकडे पाठ करून खुर्चीत बसल्या होत्या.

पाहुणी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. “बाई, सामान भरायला मदत करू?”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तू ती पाहुणी ना? दिवसभर खिडकीत बसतेस ती?”

पाहुणीने मान हलवली. आपल्यालाही कुणी पाहत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“बस. मदत नको. नुसती बस.”

ती एका खोक्यावर टेकली. मग पाहुणीने धीर करून विचारलं, “बाई, त्या खुणा तुमच्या आहेत?”

“माझ्या आणि माझ्या मुलाच्या,” बाई म्हणाल्या. “तलावात इतका गोंगाट असतो, की या टोकाचं त्या टोकाला ऐकू येत नाही. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. डोक्यावर हात म्हणजे मी ठीक आहे. फुली म्हणजे पाण्याबाहेर. बोटं खाली म्हणजे काठाजवळच थांब, मी तिथे येतो. पुढे माझे कान गेले, फोनवर बोलणं म्हणजे नुसतं काय, काय, परत बोल! तेव्हाही त्या खुणाच कामाला आल्या. आणि एक नियम होता हं आमचा. डोक्यावर हात ठेवायचा तो खरंच ठीक असलं तरच. पाण्यात खोटं सांगून चालत नाही.”

“तुमचा मुलगा कुठे असतो?”

“समुद्रात केबल टाकणाऱ्या जहाजावर. तिथे फोन लागत नाही. आठवड्यातून एकदा जहाजाचं इंटरनेट चालतं, तेवढ्यात एखादा व्हिडिओ पाठवता येतो. जाताना म्हणाला, आई, तुझ्या टीव्हीला इंटरनेटचं खोकं बसवून देतो. तुला काही दाबायला नको, काही करायला नको. दर आठवड्याला मी आपोआप तुझ्या टीव्हीत दिसेन, आणि नवीन व्हिडिओ येईपर्यंत तोच पुन्हा पुन्हा लागत राहील. खोकेवाला येऊन बसवूनही गेला.” बाई थांबल्या. “मी केस विंचरून, चांगले कपडे घालून बसले. वेडी मी! आणि टीव्हीत काय आलं माहीत आहे?”

“काय?”

“गाद्या! कापसाच्या गाद्या, स्प्रिंगच्या गाद्या, दोन गाद्यांवर उशी मोफत! म्हटलं, चुकून आलं असेल. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गाद्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा! तेव्हा समजले. त्याला म्हणायचंय, म्हातारे, पड आता, झोप! मलाही मान आहे, बाळ. टीव्हीवर टॉवेल टाकला आणि त्या गादीवाल्याच्या रस्त्यानेसुद्धा जायचं सोडलं. मागच्या गल्लीने जाते.” त्यांनी एक खोकं पायाने भिंतीकडे सरकवलं. “एकटं राहायचं तर ते चार एकट्या माणसांत जाऊन राहावं. म्हणून चाललेय.”

पाहुणी उठली. तिने टॉवेल ओढला, टीव्ही लावला. पडद्यावर गुबगुबीत पांढरी गादी उसळली आणि खाली अक्षरं आली: ‘दोन गाद्यांवर उशी मोफत!’ दुकानाचं नाव तेच, रस्त्यावरचं!

पाहुणीने पडद्यावरचं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. गादीच्या दुकानात गादी नाही. आणि इथे...

“बाई!” ती इतक्या जोरात ओरडली, की भोंग्यालाही हेवा वाटला असता. “तुमच्या मुलाकडे लाल टोपी आहे? लोकरीची?”

“मी विणलेली,” बाई म्हणाल्या. “का?”

“तो गादीच्या दुकानात आहे! काचेत! रोज असतो! आणि आज त्याने काय सांगितलं माहीत आहे? मी ठीक आहे. मी पाण्याबाहेर येतोय. तू काठाजवळच थांब! बाई, तो घरी येतोय! आणि तुम्ही उद्या चाललात!”

एक निळी, एक तपकिरी चप्पल तशीच घालून बाई पाहुणीच्या आधी जिना उतरल्या. अंगणातून भोंगा आणि शंकोबाही मागोमाग धावले; पाहुणीने धापा टाकतच त्यांना सगळं सांगितलं.

पण हाय रे दैवा! काचेतला टीव्ही काळाठिक्कर! दुपार झाली होती, आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून गादीवाले काका टीव्ही बंद करून आत गादीवर आडवे व्हायचे. चौघं आत शिरली तेव्हा ते घोरत होते.

“काका! टीव्ही लावा ना!” भोंगा कडाडला.

काका ताडकन उठून बसले. “आग लागली का? कोण रे तुम्ही?”

“टीव्ही लावा. तुमच्या जाहिरातीत या बाईंचा मुलगा आहे!”

“माझ्या जाहिरातीत?” काकांनी डोळे चोळले. “माझ्या जाहिरातीत माणूसच नाही! शुद्ध गाद्या आहेत. कंपनीकडून बनवून घेतलीय, मी स्वतः पसंत केलीय. त्यांच्या कचेरीतून ती थेट माझ्या खोक्यात येते. जा, झोपमोड करू नका.”

“पण तुम्ही ती इथे लागलेली बघितलीत का?” शंकोबाने विचारलं. “टीव्हीचं तोंड तर रस्त्याकडे आहे.”

“मला काय बघायचीय? मी मागच्या दाराने येतो, मागच्या दाराने जातो. पण लोक थांबून थांबून बघतात, ते आतून दिसतं मला! जाहिरात झकास चाललीय! खोकं बसवणाऱ्याने विचारलं, दिसतंय का? मी इथूनच म्हटलं, दिसतंय! आता चला, निघा. टीव्ही संध्याकाळी लागेल.”

बाई एकटक काकांच्या ओठांकडे पाहत होत्या. “माणूस नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही हो बाई. शपथेवर सांगतो. एकही माणूस नाही.”

बाई वळल्या. दारात त्या पाहुणीला म्हणाल्या, “थट्टा करायला दुसरं कुणी मिळालं नाही का गं तुला? तू तरी असं करायला नको होतंस. तुला माहीत आहे एकटं राहणं काय असतं ते.”

बाई मागच्या गल्लीने निघून गेल्या. पाहुणी दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडू लागली. आई गेली त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती.

भोंग्याला रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते माहीत नव्हतं. त्याने खिशातला रुमाल काढला, त्याची अवस्था बघून परत ठेवला. “रडू नकोस ना. आपण काकांना उचलून बाहेर आणू!”

“ते हलायचे नाहीत,” शंकोबा म्हणाला. “आणि आपलं कुणी ऐकायचं नाही. पोरं काहीतरी बरळतात म्हणतील. मोठ्या माणसाला मोठ्या माणसानेच सांगायला हवं.” तो बराच वेळ नखं कुरतडत बसला. मग उठला. “काकांना बाहेर आणायचं नाही. त्यांना यावंसं वाटायला हवं. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि बघायचं. काय वाटेल ते झालं तरी गप्प!”

“गप्प?” भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. “मीसुद्धा?”

“तूच तर मुख्य!”

संध्याकाळी टीव्ही लागला. लाल टोपीवाला हात डोक्यावर ठेवून हसला. भोंगा आणि शंकोबा काचेसमोर खांबासारखे उभे राहिले. भोंग्याचे गाल फुगले, कान लाल झाले, पण तोंडातून हूं की चूं नाही!

पहिल्यांदा थबकला तो पेपर टाकणारा. “काय रे, आज आवाज कुठे गेला?” उत्तर नाही. तोही काचेत बघू लागला. मग इस्त्रीवाले आले. मग कामावरून परतणारी दोन-चार माणसं. भोंग्याची आई भाजीची पिशवी घेऊन आली आणि घाबरलीच. “बाळा, बरं वाटत नाही का तुला? हा गप्प का आहे? अहो, कुणीतरी बघा ना, हा गप्प आहे!” झालं! गर्दी रस्त्यापर्यंत गेली. मागचे पुढच्यांना विचारू लागले, पुढचे बोट दाखवू लागले, आणि आत बसलेल्या काकांना राहवेना. त्यांनी आधी मान लांब केली, मग गादीवरून उठले, मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पुढच्या दाराने बाहेर आले.

“काय बघताय काय एवढं? सरका! काच फुटेल माझी!” आणि त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. “हा... हा कोण?”

भोंग्याने दोन्ही हात तोंडावर दाबले.

“अरे हा कोण दाढीवाला? माझ्या गाद्या कुठे आहेत?”

“दुसऱ्या मजल्यावर,” शंकोबा शांतपणे म्हणाला. “टॉवेलखाली.”

“बोलू का आता? बोलू?” भोंग्याने एकदाचा श्वास सोडला, आणि मग जो काही त्याचा भोंगा सुटला! त्याने सगळी हकिगत गर्दीला ऐकवली. काकांनी तिथूनच खोकेवाल्याला फोन लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“चूक? माझी? शक्यच नाही!” पलीकडून आवाज आला. “एवढी वर्षं खोकी बसवतोय, डोळे मिटून बसवतो मी!”

“तेच तर झालंय!” शंकोबा म्हणाला. “त्या दिवशी तुमच्या पिशवीत दोन सारखी खोकी होती का? एक गादीच्या दुकानाचं आणि एक मागच्या बिल्डिंगमधल्या बाईंचं? प्रत्येक खोक्याखाली नंबर असतो. व्हिडिओ ज्या नंबरावर पाठवतात, त्याच खोक्यात जातो. नंबर बघून बसवलीत का?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग बारीक आवाजात, “येतो मी लगेच.”

तिकडे पाहुणी बाईंच्या दारावर थापा मारत होती. दार आतून बंद. घंटी वाजवली, हाका मारल्या. पण बाईंना ऐकू जाणार कसं? ती अंगणात धावली आणि खिडकीखाली उभी राहिली. वर बाई स्टुलावर चढून पडदे काढत होत्या. घरातली शेवटची वस्तू.

पाहुणीने दोन्ही हात वर केले आणि डोक्यावर फुली केली. पाण्याबाहेर. पाण्याबाहेर. पाण्याबाहेर! हात भरून आले. बाईंनी एकदा पाहिलं आणि मान फिरवली. पुन्हा पाहिलं. पाहुणीने हात खाली घेतले नाहीत. रडतही होती आणि फुलीही करत होती. मग बाईंनी हातातला पडदा खाली ठेवला.

त्या आल्या तेव्हा गर्दी आपोआप बाजूला झाली. गादीवाले काका पुढे होऊन म्हणाले, “बाई, मी शपथ घेतली होती हो. न बघता घेतली. चुकलं माझं.” पण बाईंचं त्यांच्या ओठांकडे लक्षच नव्हतं.

काचेत त्यांचा मुलगा उभा होता. त्यांच्याएवढाच उंच, त्यांनी विणलेल्या टोपीत. त्याने डोक्यावर हात ठेवला. स्वतःकडे बोट केलं. फुली केली. बोटं खाली रोखली. आणि हसला.

बाईंनी काचेवर हात टेकला. किती तरी वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. तोच व्हिडिओ पुन्हा, पुन्हा लागत राहिला आणि रस्त्यावर कुणी हललं नाही. मग बाईंनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरून अशी वाजवली, की सगळा रस्ता दचकला. आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला.

“दाढी काप आधी,” त्या काचेला म्हणाल्या. “ओळखू येत नाहीस.”

खोकेवाला आला, त्याने मुकाट्याने दोन्ही खोकी उलटी करून नंबर बघितले, कान पकडले आणि खोकी बदलून दिली. सामानाची गाडी सकाळी आली ती रिकामीच परत गेली. पडदे पुन्हा खिडकीला लागले.

आठवड्याभराने एका दुपारी अंगणात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. दाढी नव्हती, टोपी होती. त्याने घंटी वाजवली नाही, हाक मारली नाही. खिडकीखाली उभं राहून त्याने डोक्यावर हात ठेवला. वरून जी शिट्टी वाजली, ती थांबायचं नावच घेईना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चहाला बोलावलं. मामा-मामी रजा काढून आले. गादीवाले काका बगलेत एक उशी घेऊन आले. “मोफत!” ते म्हणाले. “दोन गाद्या न घेता! आणि पोरांनो, आता मी रोज पुढच्या दाराने येतो हं. पण काय सांगू, गाद्या लागल्यापासून काचेसमोर कुणी थांबतच नाही!”

“आम्ही मोठी माणसं त्याच काचेसमोरून रोज दोनदा जातो,” मामा म्हणाला. “बघितलं सगळ्यांनी. हा कोण, असं विचारलं फक्त या तिघांनी. शाबास!”

बाईंच्या मुलाने शंकोबाशी हात मिळवला. “माझ्या जहाजावर तुझ्यासारखा तपासनीस हवा.” भोंग्याला बाईंनी जुनी शिट्टी बक्षीस दिली, तेव्हा मात्र सगळी बिल्डिंग हळहळली. “भोंग्याला शिट्टी? आमच्या कानांचं काय होणार?”

पाहुणीला बाईंनी काही दिलं नाही. तिला जवळ ओढून त्या म्हणाल्या, “तू हात खाली घेतले असतेस ना, तर माझा पोरगा कुलपासमोर उभा राहिला असता. कुणाचंतरी ऐकून मी पाठ फिरवली, आणि तू तिथेच उभी राहिलीस. आता सांग, तू ठीक आहेस का?”

पाहुणीचा हात सवयीने डोक्याकडे निघाला होता. तो अर्ध्यावरच थांबला. पाण्यात खोटं सांगून चालत नाही. बाईंनी ते पाहिलं आणि तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे वसतिगृहाची पिवळी भिंत, एक कॉट, एकच कप.

“मजेत ना गं?” आईने विचारलं.

“नव्हते,” पाहुणी म्हणाली. “इतके दिवस खोटं सांगत होते. खूप एकटं वाटायचं, आई. आता नाही एवढं वाटत.” आणि मग तिने खुणांचं सगळं सांगितलं. डोक्यावर हात, फुली, बोटं खाली, आणि तो नियम.

“आता तू सांग,” पाहुणी म्हणाली. “तू ठीक आहेस?”

आईने हसत हात उचलला. तो डोक्यापर्यंत गेलाच नाही. आईने तो तोंडावर धरला आणि तिचे खांदे हलू लागले.

पाहुणीने फोन टेबलावर कपाला टेकवून उभा केला आणि ती मागे सरकली, म्हणजे आईला नीट दिसेल. सुट्टी आता संपतच आली होती. तिने स्वतःकडे बोट दाखवलं. मग दोन्ही हातांची बोटं खाली रोखली.

काठाजवळच थांब. मी येते.